एक ठोका थांबायचा

सकाळी नऊपासून मी बोलत होते. "डावीकडे ट्रक उभा आहे. सायकलवाला निघाला, जरा आत घ्या. आता मोकळं आहे. मोटरसायकल येतेय माझ्या बाजूनं, जाऊ द्या तिला. अहो, जाऊ द्या म्हटलं ना!" मध्येच रस्त्याचं काम निघालं, वळसा पडला आणि चार तासांच्या प्रवासाचे सहा तास झाले. दुपारी तीनला आमची गाडी कॅम्पच्या फाटकातून आत शिरली तेव्हा माझा घसा पार बसला होता. पाण्याची बाटली पायाशीच होती, पण वाकायचं म्हणजे रस्त्यावरची नजर काढायची, म्हणून ती सहा तास तिथेच राहिली.

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं शहरात बस चालवली. एकतीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे वाक्य मी लग्नापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. निवृत्त झाल्यावर आम्ही फ्लॅट विकला आणि ही जुनी कॅराव्हॅन घेतली. आत एक पलंग, दोन शेगड्या, घडीचं टेबल आणि कपाटाएवढं न्हाणीघर. शाळेत शिवण शिकवायचे तेव्हाचं माझं मशीनसुद्धा मी देऊन टाकलं, ठेवणार कुठे? पण पहिली दोन वर्षं मजेत गेली. खोटं कशाला बोलू, फ्लॅटची एकदाही आठवण आली नाही.

आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं गेलंय, ते परत येणार नाही. समोरचं दिसत राहील, पाइपातून बघितल्यासारखं. 'वाहन चालवू नये' असं त्यांनी कागदावर लिहिलं आणि खाली रेघ मारली. ह्यांनी त्या कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि दवाखान्याबाहेर येऊन गाडी सुरू केली. "तू बोलत राहा," एवढंच म्हणाले. मी बोलत राहिले. मला गाडी येत नाही. ज्या घरात ओरखडा न पाडणारा ड्रायव्हर असतो तिथे बायकोला कोण शिकवतो!

बरं, एका जागी थांबावं म्हटलं तर तीही सोय नाही. कॅम्पवर पंधरा दिवसांच्या वर राहू देत नाहीत. मुलगा म्हणतो, आमच्याकडे या. त्याच्याकडे दीड खोली आणि गाडी लावायला जागा नाही, म्हणजे आधी गाडी विका. हा विषय निघाला की हे उठून टायरची हवा तपासायला जातात. त्या आठ महिन्यांत आमच्या टायरांइतकी काळजी कुणाची घेतली गेली नसेल. दर पंधरा दिवसांनी आम्ही निघायचो आणि दर वेळी मी मनाशी म्हणायचे, हे शेवटचं.

सगळ्यात जीव खायचं ते गाडी मागे घेणं. आरसे दोन्ही बाजूंना, आणि ह्यांच्या लेखी बाजूच उरल्या नव्हत्या. मान वळवून बघितलं तरी आरशाचा इवलासा तुकडाच दिसायचा. म्हणून आम्ही बसमधल्या घंटीची खूण उकरून काढली. मी लाकडी चमचा घेऊन मागच्या कोपऱ्याशी उभी राहायचे आणि पत्र्यावर ठोकायचे. दोन ठोके म्हणजे चला. मग मी गप्प. मी गप्प आहे तोवर हे येत राहणार. एक ठोका म्हणजे थांबा. एकतीस वर्षांची सवय, एक ठोका पडला की ह्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. चमच्याचं टोक चेपलं होतं, आणि भाजी ढवळायला मी तो कधी घेतला नाही.

आता कॅम्पवर एक रीत असते. नवी गाडी आत आली की आसपासची माणसं हातातल्या चहासकट उठतात आणि मागे जाऊन उभी राहतात. या, या, जरा डावीकडे, बस. गाडी लागली की मग कुठून आलात, चाकाखाली ठोकळा हवाय का, पाइप नळापर्यंत पोचतोय का. ओळखी होतात त्या अशाच. आमची कुणाशी होत नव्हती. कुणी उठताना दिसलं की हे समोरच्या काचेतून हात हलवायचे, "नको, आमचं आम्ही बघतो." कुणी सूप आणलं, नको. कुणी गळक्या सांध्याला लावायला टेप दिली, नको. माणूस जवळ आला, दारात उभा राहून दोन शब्द बोलला, की त्याच्या लक्षात येणार. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला हे शोधतात ते कुणालाही कळलं असतं. लोक आम्हाला शिष्ट समजत असणार. मी मात्र त्यांच्या दोऱ्यांवर वाळणाऱ्या कपड्यांकडे, एकत्र मांडलेल्या खुर्च्यांकडे बघत बसायचे आणि मूग गिळून गप्प राहायचे.

तर त्या दिवशी आम्हाला सतरा नंबरची जागा मिळाली. एका बाजूला जाड बुंध्याचं झाड, मागे पाण्याचा नळ, जमिनीतून कमरेइतक्या उंच आलेल्या लोखंडी पाइपावर बसवलेला. मी खाली उतरले. मागे गेले, चमच्याने दोन ठोके दिले. गाडीने मागचा गिअर घेतला.

तेवढ्यात अठरा नंबरवरून एक गृहस्थ आले. साठीपुढचे, पाच-सहा खिशांचं जाकीट, कानामागे पेन्सिल. पुढे कळलं की ते सुतार होते आणि निवृत्तीनंतरही पेन्सिल कानावरून उतरली नव्हती. माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, "ताई, तोंड बघा केवढंसं झालंय. तुम्ही बसा त्या खुर्चीवर. मी दाखवतो ह्यांना."

नको म्हणायचं होतं. ते दोन अक्षरी उत्तर माझ्याही तोंडात बसलं होतं. पण खुर्ची सावलीत होती आणि तिच्या हातावर उशी होती. मला वाटलं, हेच तर रोज म्हणतात, 'मला दिसतं गं, तू उगाच वाजवतेस.' आज एकदा ह्यांचं खरं मानू. सुतारभाऊ मोठे, दणकट, रंगीत जाकिटातले, आरशात दिसतीलच. एवढं सगळं मी त्या तीन पावलांत मनाला पटवलं आणि जाऊन बसले. आधी चमचा मांडीवर ठेवला, मग डोळे मिटले. ते किती वेळ मिटले होते हे मला आजही सांगता येणार नाही.

डोळे उघडले ते सुतारभाऊंच्या ओरडण्याने. ते नळाच्या पुढ्यात उभे होते, दोन्ही हात वर. "बस! बस! अहो, थांबा!" इंजिनाच्या घरघरीत ते पुढे पोचत नव्हतं. गाडी शांतपणे, सावकाश, एकतीस वर्षांच्या सफाईने मागे येत होती. कारण मी गप्प होते. मी उठेपर्यंत ते बाजूला उडी मारून आडवे झाले, पाइप कडकन मोडला आणि पाणी झाडाच्या फांद्यांपर्यंत उडालं. मग मी धावत जाऊन एक ठोका मारला. गाडी जागच्या जागी थांबली.

माणसं जमली. मॅनेजर धावत गेला आणि कुठूनतरी पाणी बंद करून आला. सुतारभाऊ चिखलात बसले होते, उजवं मनगट डाव्या हातात धरून. हे दारातून उतरले, मागे आले, चेपलेला पत्रा हाताने चाचपला आणि त्यांचा आवाज चढला.

"काय दाखवलंत तुम्ही? दाखवता येत नाही तर मध्ये कशाला येता? एकतीस वर्षांत ओरखडा नव्हता गाडीला!"

"चुकलं माझं," सुतारभाऊ म्हणाले. "आरशात येत नव्हतो वाटतं. आडबाजूला उभा राहिलो असेन."

ते आडबाजूला नव्हते. लहान पोरालाही दिसेल असे मधोमध उभे होते. त्यांची बायको पुढे झाली, त्यांना काखेत हात घालून उठवलं आणि आमच्याकडे एक नजर टाकून घेऊन गेली. मी सगळ्यांसमोर ओली होऊन उभी होते, हातात चमचा. मी चकार शब्द काढला नाही. घसा बसला होता हे खरं, पण ते कारण नव्हतं.

आत आल्यावर ह्यांनी दार लावलं. "वाजवलं का नाहीस?"

"दमले होते."

"कुणी दुसरा उभा आहे हे मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

हे पलंगावर बसले. मी टॉवेल आणून ठेवला तर तो अजून माझ्याच हातात आहे असं समजून "तू पूस आधी" म्हणाले. त्यांच्या गुडघ्यावर ठेवलेला टॉवेल त्यांना दिसलाच नव्हता. मग हाताला लागला. "झालं ते झालं," म्हणाले. "आता कुणाला काही सांगायची गरज नाही. पंधरा दिवसांनी जायचंच आहे." मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी गॅस पेटवला, त्यावर काहीच ठेवलं नाही आणि पुन्हा बंद केला.

संध्याकाळी सहाच्या सुमारास दारावर टकटक झाली. सुतारभाऊ. उजव्या मनगटाला पट्टी, डाव्या हातात झाकण लावलेलं पातेलं.

"नळ बसवून दिलाय मॅनेजरला," म्हणाले. "डाव्या हातानं जरा वाकडा बसलाय, पण गळत नाही. आणि हे सूप. बायको येत नव्हती, चिडलीय. म्हटलं माझ्यामुळे तुमच्या गाडीला मार बसला, एवढं तरी न्यावं."

मी पातेलं घेतलं. गरम होतं, हात भाजत होता, पण खाली ठेवायचं सुचेना.

"गेली सहा वर्षं दाखवतोय लोकांना," ते पायरीशी उभे राहून सांगत होते. "शंभर-दीडशे गाड्या लावल्या असतील. आज काय झालं कळत नाही. मला तर अजूनही वाटतंय मी मधोमध होतो. म्हणजे बघा, माझ्याच नजरेत काहीतरी झालं असणार. उद्या गावात जाऊन डोळे तपासून घेतो. आणि कानाला खडा, यापुढे कुणाच्या गाडीमागे उभा राहायचं नाही."

आतून पलंगाची करकर थांबली. हे ऐकत होते.

मी पातेलं पायरीवर ठेवलं. "भाऊ, तुमचे डोळे चांगले आहेत," मी म्हणाले. "ह्यांचे नाहीत. ह्यांना बाजूचं काही दिसत नाही. आरसा दिसत नाही. हे माझ्या ठोक्यावर थांबतात, आणि तेव्हा मी तुमच्या खुर्चीत झोपले होते."

सुतारभाऊंनी कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं, परत ठेवली.

"मी मेलो असतो, ताई," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

"हो."

हे दारात आले होते. कठडा धरून दोन पायऱ्या उतरले आणि मान इकडून तिकडे वळवत त्यांना शोधू लागले. भाऊ एक पाऊल सरकून त्यांच्या नजरेसमोर आले. ते पाऊल मी विसरणार नाही.

"तुम्ही मागे आहात हे मला माहीतच नव्हतं," हे म्हणाले. "मी तुम्हाला बघितलं नाही. हात वर केले होते का?"

"दोन्ही."

"मग बरोबर दाखवलंत तुम्ही. लोकांसमोर बोललो ते मी मागे घेतो. उद्या त्यांच्यासमोरही घेईन."

भाऊ निघून गेले. आम्ही सूप प्यायलो नाही. मी ते तसंच झाकून ठेवलं.

सकाळी मी पातेलं परत न्यायला निघाले, तर सुतारभाऊंची बायकोच समोरून आली. उंच, थोराड, पुरुषी शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. वीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवत होत्या, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी वहिनी म्हणून हाक मारली, तर त्यांनी ओ दिली नाही. सरळ आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काल झोपेपर्यंत तुम्हा दोघांना शिव्या घातल्या," म्हणाल्या. "आता संपल्या. तुम्हाला पंधरा दिवसांनी इथून जावंच लागेल. आम्ही तळ्याकाठच्या एका कॅम्पवर जातोय, तिथे बारा महिने राहू देतात. एका जागी. तुमची गाडी मी नेते, आमची हे नेतील, तोवर मनगट बरं होईल. आता किल्ली कुठे असते?"

"नको," हे आतून म्हणाले, "आमचं आम्ही..."

आणि थांबले. मी वाट बघत होते. आठ महिन्यांत मी एवढी गप्प कधी राहिले नव्हते. किल्ली ह्यांच्या पट्ट्याला कडीत अडकवलेली असे, बसच्या दिवसांपासून तशीच. हे ती कडी सोडवायला लागले. निघेना. मी पुढे झाले नाही, वहिनीही झाल्या नाहीत. शेवटी निघाली तेव्हा ह्यांनी ती समोर धरली, वहिनी होत्या त्याच्या हातभर बाजूला. वहिनींनी हात तिकडे नेऊन घेतली.

नंतर तोंडावर पाणी मारायच्या निमित्ताने हे न्हाणीघरात गेले आणि पाऊण तास बाहेर आले नाहीत. मी दाराबाहेर बसून होते. मलाही काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. माणसाच्या हातून त्याचं चाक काढून घेतलं होतं, आणि ते मी केलं होतं.

त्यानंतरचे दिवस गेले. ह्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर जे बोलायचं ते बोलून टाकलं. दोघातिघांनी मान हलवली, एकाने तोंड फिरवलं. भाऊंना पट्टीमुळे स्क्रू पिळता येत नव्हते, म्हणून त्यांच्या कपाटाचं दार बसवायला हे गेले. समोर धरलेला स्क्रू ह्यांना स्वच्छ दिसतो. दोन म्हाताऱ्यांनी एका दाराला तीन दिवस लावले आणि तरी ते घासतंच. वहिनी म्हणाल्या, "असू दे, निदान दोघं पायात येत नाहीत."

चौदाव्या दिवशी निघालो. भाऊंची गाडी पुढे, आमची मागे. वहिनी चालवत होत्या, हे त्यांच्या शेजारी माझ्या जागेवर, आणि मी मागे टेबलाशी. पहिला तासभर मी आपली पुटपुटत होते, डावीकडे ट्रक, सायकल, मोकळं आहे. वहिनी मागे न बघता म्हणाल्या, "ताई, मला दिसतंय सगळं." मी तोंड मिटलं. खिडकीतून शेतं जात होती, त्यात गाई होत्या. त्या किती बाजूला आहेत हे कुणाला सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळं आलं. जागा ऐसपैस होती, मागे फक्त एक बुटकं कुंपण. वहिनींनी गाडी तोंडाशी उभी केली आणि मागचा गिअर टाकणार तोच हे म्हणाले, "थांबा." दार उघडून सावकाश उतरले आणि माझ्या खिडकीशी आले.

"चमचा दे."

मी दिला. ते गाडीचा पत्रा हाताने धरत धरत मागे गेले. मी पुढे येऊन त्यांच्या सीटवर पट्टा लावून बसले. भाऊ त्यांची गाडी लावून लांब उभे होते, हात जाकिटाच्या खिशात. दोन्ही आरशांत कुंपण लख्ख दिसत होतं, वहिनींना आणि मलाही. त्या नुसतं आरशात बघून सहज गाडी लावू शकल्या असत्या. त्यांनी हात चाकावर ठेवले आणि वाट बघत राहिल्या.

दोन ठोके आले.

गाडी मागे निघाली. इतकी सावकाश की चाकाखालचा एकेक खडा ऐकू येत होता. कुंपण अजून चांगलं सहा-सात पावलं लांब होतं तेव्हा एक ठोका पडला, घाबरट, पुरेसा जोरात. वहिनींनी लगेच ब्रेक मारला. अजून बरीच जागा आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, किल्ली काढली.

"लागली का नीट?" हे मागून ओरडून विचारत होते. "अगं, बोल की! नीट लागली का?"

"लागली हो," वहिनींनीच उत्तर दिलं, कारण मला बोलायचं नव्हतं. मी मान मागे टेकली. पुढे त्या म्हणतात की मी पट्टासुद्धा काढला नाही; संध्याकाळी हे उठवायला आले तोवर मी तिथेच, उघड्या खिडकीशी झोपले होते.